चाल पॉपची, दुकान चर्चचं: अमेरिकेतलं ख्रिस्ती पॉप सुरू कसं झालं

२०२५ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत ब्रँडन लेक आणि फॉरेस्ट फ्रँक या दोघांची उघडउघड ख्रिस्ती गाणी आली आणि त्याची बातमी झाली. बाहेरून बघणाऱ्याला हे कोड्यात टाकणारं आहे. ज्या देशात बहुसंख्य लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, जिथे ख्रिस्ती रेडिओ आहे, ख्रिस्ती रेकॉर्ड कंपन्या आहेत, तिथे येशूवरचं गाणं लोकप्रिय गाण्यांच्या यादीत येणं एवढं अप्रूपाचं का असावं?

याचं उत्तर १९६९ ते १९८५ या काळात आहे. त्या वर्षांत काही लांब केसांच्या पोरांनी गिटार घेऊन येशूची गाणी म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता त्यांच्यासाठी एक स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिली. या संगीताची ओळख चालीवरून पटत नाही, कारण चाल त्या त्या काळच्या कुठल्याही पॉप गाण्यासारखीच असते. ओळख पटते ती शब्दांवरून, आणि शब्दांहूनही जास्त, ते गाणं कुठल्या दुकानात विकलं गेलं यावरून.

आधी थोडे शब्द सुटे करून घेऊ

‘गॉस्पेल’ म्हणजे सरसकट ख्रिस्ती गाणं, असं आपल्याकडे समजतात. अमेरिकेत त्या शब्दाने मुख्यतः कृष्णवर्णीय चर्चमधून वाढलेली गायकी समजली जाते: मोठा कोरस, हॅमंड ऑर्गन, एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. दक्षिणेतल्या गोऱ्यांची चौकडीने गायची ‘सदर्न गॉस्पेल’ परंपरा वेगळी. या दोन्ही जुन्या. १९६०च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात जे सुरू झालं त्याला तेव्हा ‘जीझस म्युझिक’ म्हणत. त्यातूनच पुढे ‘कंटेम्पररी ख्रिश्चन म्युझिक’ हे भारदस्त नाव आलं आणि त्याचं लघुरूप झालं सीसीएम. १९७८ मध्ये याच नावाचं मासिक निघालं आणि नाव पक्कं झालं.

आणखी एकच शब्द लागेल, ‘क्रॉसओव्हर’. ख्रिस्ती बाजारातल्या गायकाचं गाणं सर्वसाधारण पॉप रेडिओवर वाजू लागलं की त्याला क्रॉसओव्हर म्हणतात.

येशूचं नाव असलं की झालं का?

नाही. १९६९ मध्ये एडविन हॉकिन्स यांच्या कोरसचं ‘ओ हॅपी डे’ अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. लगेच पुढच्या वर्षी नॉर्मन ग्रीनबॉम यांचं ‘स्पिरिट इन द स्काय’ तिसऱ्या क्रमांकावर पोहोचलं. त्यात येशूचं नाव आहे, पण ग्रीनबॉम स्वतः ज्यू. म्हणजे येशूबद्दलच्या गाण्याला पॉप श्रोत्याची हरकत नव्हती. यातल्या कशालाही कुणी सीसीएम म्हणत नाही. पहिलं गाणं गॉस्पेलचं, दुसरं निव्वळ रॉक.

सीसीएम म्हणायचं तर सहसा गाणारा स्वतः श्रद्धावान हवा, रेकॉर्ड ख्रिस्ती कंपनीने काढलेली हवी आणि ती ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात मिळायला हवी. पहिल्या गोष्टीवर भांडणं खूप झाली. व्यवहारात ठरवलं ते तिसरीने.

हिप्पी चर्चमध्ये आले

पार्श्वभूमी थोडक्यात. व्हिएतनाम युद्ध चालू, अमली पदार्थांनी पोळलेली तरुण पिढी, आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्यातल्याच काहींनी येशूकडे वळणं. कोस्टा मेसा इथल्या कॅल्व्हरी चॅपलचे पाळक चक स्मिथ यांनी १९६८ पासून या पोरांना दार उघडलं. लॉनी फ्रिस्बी हा हिप्पी प्रचारक त्यांच्या जोडीला होता. अनवाणी पायांनी नवा गालिचा खराब होतो अशी कुरकुर झाली तेव्हा स्मिथ यांनी गालिचाच काढून टाकायची तयारी दाखवली, असं सांगतात. २१ जून १९७१च्या टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ही ‘जीझस क्रांती’ झळकली.

ही मुलं ऑर्गनवरची जुनी स्तोत्रं म्हणणारी नव्हती. त्यांना गिटार येत होती, तीन-चार आवाजांत मिळून गाता येत होतं, आणि काही जण आधीच व्यावसायिक होते. ‘लव्ह साँग’ या गटाचे चक जिरार्ड पूर्वी द कॅस्टेल्स आणि द होंडेल्स या पॉप गटांत गायलेले, त्यामुळे गटाच्या १९७२च्या पहिल्या अल्बममध्ये आवाजांची बांधणी चोख आहे. ‘चिल्ड्रन ऑफ द डे’ हा गट शाळकरी वयाच्या मुलामुलींचा. या सगळ्यांची गाणी काढायला स्मिथ यांनी १९७१ मध्ये ‘मरानाथा! म्युझिक’ ही कंपनी सुरू केली. पहिली तबकडी वेगवेगळ्या गटांची गाणी एकत्र करून काढलेली होती.

गाण्याचा साचा साधा होता. अकूस्टिक गिटारवर जी, सी, डी आणि ई मायनर हे कॉर्ड, मधली गती, ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं की ऐकणाऱ्याला म्हणता येईल एवढं सोपं. कॅरन लॅफर्टी यांचं ‘सीक यी फर्स्ट’ याचा उत्तम नमुना. शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायातले, ३३व्या वचनाचे. अर्धी मंडळी मूळ चाल म्हणतात, उरलेली अर्धी वरच्या पट्टीत नुसतं ‘हल्लेलूया’. वाद्य नसलं तरी गाणं उभं राहतं. जगभरच्या चर्चमध्ये ते टिकलं याचं मोठं कारण हेच.

जून १९७२ मध्ये डॅलसला ‘एक्स्प्लो ७२’ हे सहा दिवसांचं शिबिर भरलं. सुमारे ८० हजार तरुण नाव नोंदवून आले. समारोपाचा दिवसभराचा संगीत कार्यक्रम बांधकाम चालू असलेल्या महामार्गाच्या मोकळ्या जागेत झाला. गर्दीचे अंदाज एक लाखापासून दोन लाखांपर्यंत जातात. लॅरी नॉर्मन, लव्ह साँग, आंद्रे क्राउच, जॉनी कॅश असे सगळे एकाच मंचावर. बिली ग्रॅहमसारखा प्रतिष्ठित धर्मोपदेशक तिथे उभा राहिल्यावर या संगीताला ‘पोरखेळ’ म्हणून उडवून लावणं अवघड झालं.

लॅरी नॉर्मन: एक तबकडी, दोन दुकानं

लॅरी नॉर्मन (१९४७–२००८) यांना ख्रिस्ती रॉकचा जनक म्हणतात. ‘पीपल!’ या गटात असताना १९६८ मध्ये त्यांचं एक गाणं यादीत १४व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. १९६९च्या अखेरीस कॅपिटॉल या बड्या कंपनीने त्यांचा ‘अपॉन धिस रॉक’ हा अल्बम काढला. बीटल्सच्या तबकड्या अमेरिकेत विकणारी हीच कंपनी. अल्बम चालला नाही, कॅपिटॉलने नॉर्मनना सोडून दिलं. मग बेन्सन या ख्रिस्ती कंपनीने त्याचे हक्क घेतले, तीच तबकडी ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत ठेवली, आणि तिथे तिला गिऱ्हाईक मिळालं.

गाणी तीच, आवाज तोच. बदललं फक्त दुकान.

१९७२ चा ‘ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट’ हा त्यांचा सर्वांत नावाजलेला अल्बम, लंडनच्या एअर स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला. त्यात एका गाण्यात गुप्तरोगाचा नावानिशी उल्लेख आहे. रस्त्यावरच्या पोरांशी त्यांच्या भाषेत बोलायचं हा हेतू, पण चर्चच्या दुकानदाराला ती तबकडी ठेवणं जड गेलं. रॉकच्या दुकानाला हा माणूस फार धार्मिक, आणि धार्मिक दुकानाला फार रॉक. नॉर्मन आयुष्यभर या फटीत अडकले. २०१३ सालच्या निवडीत या अल्बमला अमेरिकेच्या नॅशनल रेकॉर्डिंग रजिस्ट्रीत स्थान मिळालं.

त्यांचं सर्वांत जास्त गायलं गेलेलं गाणं जगाच्या अंताबद्दल आहे. येशू परत येतो, श्रद्धावान क्षणात उचलले जातात आणि बाकीचे मागे राहतात. अणुबाँबच्या भीतीत वाढलेल्या पिढीला हा विषय फार जवळचा होता. आज ऐकताना त्यातली धमकी बोचते हेही खरं.

वेगळं दुकान म्हणजे नेमकं काय?

आळंदीला किंवा पंढरपूरला देवळाबाहेर भक्तिगीतांच्या कॅसेटची दुकानं असायची, ती आठवा. एखाद्या कीर्तनकाराची कॅसेट तिथे धडाधड खपायची, पण मुंबईतल्या मोठ्या म्युझिक शॉपच्या ‘या आठवड्यात सर्वाधिक खपलेल्या’ पाटीवर तिचं नाव दिसायचं नाही, कारण पाटी लिहिणारा देवळाबाहेरचा खप मोजतच नव्हता. अमेरिकेत हेच राष्ट्रीय पातळीवर आणि पंचवीस वर्षं चाललं.

यंत्रणा अशी होती. टेक्सासमधल्या वेको इथे १९५१ मध्ये सुरू झालेली वर्ड ही धार्मिक कंपनी. १९७२ मध्ये तिने तरुणांच्या संगीतासाठी ‘मर’ हा वेगळा विभाग काढला आणि तो बिली रे हर्न यांच्याकडे दिला. हर्न यांनी १९७६ मध्ये बाहेर पडून स्पॅरो ही स्वतःची कंपनी काढली. राल्फ कारमायकेल यांची ‘लाइट’ त्याआधीपासून होती. कारमायकेल नॅट किंग कोलसाठी वाद्यवृंद बांधणारे, त्यामुळे स्टुडिओची शिस्त त्यांनीच या क्षेत्रात आणली. या कंपन्यांचा माल जायचा ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत, बायबल आणि रविवारशाळेच्या पुस्तकांशेजारी. ऐकू यायचा ख्रिस्ती रेडिओवर. बक्षिसंही वेगळी: १९६९ पासूनची डव्ह अवॉर्ड्स.

गिऱ्हाईक ठरलेलं असल्यामुळे छोट्या कंपनीलाही धंदा परवडायचा. अडचण दुसरीकडे होती. दुकानात येणारे बहुतेक आधीच श्रद्धावान, तबकडी विकत घेणारी बहुधा आई. तिला खटकेल असं काही काढायचं नाही, हा अलिखित नियम झाला. धंद्यात ‘जे. पी. एम.’ अशी थट्टा चालायची, म्हणजे दर मिनिटाला येशूचं नाव किती वेळा येतं. कमी आलं तर दुकानदार कुरकुरायचा, जास्त आलं तर पॉप रेडिओ वाजवायचा नाही. आणि ज्याच्यासाठी ही गाणी मुळात लिहिली गेली, तो रस्त्यावरचा अश्रद्ध तरुण त्या दुकानात पाऊल टाकत नव्हता.

बाकीचे गाणारे

आंद्रे क्राउच (१९४२–२०१५) यांच्याशिवाय हा इतिहास अर्धवट राहतो, आणि बरेचदा तसाच सांगितला जातो. ते कृष्णवर्णीय, पेंटेकॉस्टल चर्चमध्ये वाढलेले, वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी लिहिलेलं त्यांचं रक्ताच्या सामर्थ्यावरचं गीत आजही स्तोत्रपुस्तकांत आहे. ‘द डिसायपल्स’ या आपल्या गटात त्यांनी गोऱ्या आणि काळ्या वादकांना एकत्र घेतलं, गॉस्पेलमध्ये फंक आणि सोल मिसळलं आणि लाइट कंपनीमार्फत गोऱ्यांच्या दुकानात पोहोचले. पारंपरिक गॉस्पेलवाल्यांना ते फार पॉप वाटले. पुढे मायकेल जॅक्सनच्या ‘मॅन इन द मिरर’ या गाण्यामागचा कोरस त्यांचाच. सीसीएमचा बाजार मात्र बराचसा गोराच राहिला. दुकानं आणि रेडिओ गोऱ्या चर्चच्या वस्त्यांत होते, कृष्णवर्णीय गॉस्पेलची वितरणव्यवस्था निराळी होती. दुकानावरून संगीताची जात ठरते ती अशी.

बॅरी मॅग्वायर उलट्या दिशेने आले. १९६५ मध्ये ‘ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन’ हे त्यांचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. सहा वर्षांनी ते ख्रिस्ती झाले आणि १९७३ मध्ये ‘मर’वर त्यांचा अल्बम आला. त्यांच्यामागे गाणारी तीन भावंडं म्हणजे ‘सेकंड चॅप्टर ऑफ ॲक्ट्स’: ॲनी हेरिंग, नेली आणि मॅथ्यू वॉर्ड. एकाच घरातले आवाज जसे एकमेकांत विरघळतात तसे यांचे विरघळतात. १९७४ मध्ये आलेलं त्यांचं ईस्टरचं गाणं अवघ्या अडीच मिनिटांच्या आसपास आहे, पण सुरांची रचना कठीण आहे.

फिल केगी गिटारवाले. लहानपणी पंपाच्या अपघातात उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा भाग गेला, तरी त्यांच्या पिढीतले सर्वांत तयार वादक. १९७३च्या ‘व्हॉट अ डे’ अल्बममध्ये जवळजवळ सगळी वाद्यं त्यांनीच वाजवली आहेत. १९७२ मध्ये फोर्ट वेनला सुरू झालेला ‘पेट्रा’ हा गट जड रॉकचा. त्याला खरं यश मिळायला जवळपास दहा वर्षं लागली.

आक्षेप पहिला: हा ताल पवित्र शब्दांना शोभतो का?

सर्वांत जुना आणि सर्वांत मोठ्याने घेतलेला आक्षेप हाच. तांत्रिक मुद्दा असा: चार मात्रांच्या आवर्तनात रॉक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठोका देतो. याला बॅकबीट म्हणतात. स्तोत्रं पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर वजन देतात. बॅकबीट शरीराला हलवतो, शरीर वासनेकडे नेतं, म्हणून तो सैतानी, असं प्रचारक सांगत. रॉक ऐकवलेली रोपं कोमेजतात असे ‘प्रयोग’ही व्यासपीठावरून सांगितले जायचे. या युक्तिवादात ‘आफ्रिकी ताल’ हा शब्द फार सहज येतो. ज्या चर्चमध्ये आंद्रे क्राउच वाढले, तिथे बॅकबीटवर टाळ्या पिढ्यान्‌पिढ्या पडत होत्या आणि कुणाला त्यात सैतान दिसला नव्हता. आक्षेपात संगीतशास्त्र थोडं आणि वंशभेद बराच होता, असं म्हणायला जागा आहे.

बाजू घेणारेही एक चुकीचा दाखला देतात: मार्टिन लूथरने दारूच्या गुत्त्यातल्या चाली घेतल्या होत्या. याला पुरावा नाही. १९व्या शतकात इंग्लंडमध्ये साल्व्हेशन आर्मीने मात्र करमणुकीच्या थिएटरांतल्या चालींवर धार्मिक शब्द बसवले, हे खरं आहे.

मराठीत तर हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वीच सुटला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, ते सुमारे ११ हजार ओव्यांत. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये आणलं. त्यांची गीतं मराठी मंडळ्यांत (चर्चच्या समुदायांत) आजही म्हटली जातात. लोक ज्या छंदात आणि ज्या चालीत गुणगुणतात त्यातच त्यांच्याशी बोलावं, हा विचार टिळकांचा आणि नॉर्मन यांचा एकच. फरक इतकाच की टिळकांनी घेतलेला साचा आधीपासून भक्तीचा होता, नॉर्मननी घेतलेला नाचाचा. म्हणून नॉर्मनना विरोध जास्त झाला.

१९८०च्या सुमारास आणखी एक वेड आलं: रॉकच्या तबकड्या उलट्या फिरवल्या की सैतानाचा संदेश ऐकू येतो. पेट्राने १९८२च्या अल्बममध्ये एक वाक्य मुद्दाम उलटं घातलं. तबकडी उलटी फिरवली की ऐकू येतं, देवाला शोधायचं सोडून सैतानाला कशाला शोधताय!

आक्षेप दुसरा: देवाच्या नावावर पैसा?

या प्रश्नाने सर्वांत जास्त छळलं कीथ ग्रीन यांना. १९५३ साली ब्रुकलिनमध्ये जन्म, अकराव्या वर्षी डेका कंपनीशी करार, बालगायक म्हणून आपटले, ड्रग्ज, मग धर्मांतर. स्पॅरोवरचा १९७७ चा पहिलाच अल्बम जोरात खपला. पियानोवर आपटल्यासारखं वाजवणं, उंच पट्टीतला ताणलेला आवाज, आणि शब्दांत श्रोत्यालाच धारेवर धरणं.

मग त्यांनी ठरवलं की शुभवर्तमानाची किंमत लावायची नाही. कंपनीचा करार सोडवून घेतला, घर गहाण ठेवून १९८० चा अल्बम स्वतः काढला, आणि किंमत ठेवली ‘जमेल तेवढी’. बॉब डिलन यांनी त्यातल्या एका गाण्यात माउथ ऑर्गन वाजवला आहे. मे १९८२ पर्यंत दोन लाखांहून जास्त प्रती गेल्या, त्यातल्या सुमारे ६१ हजार पूर्ण फुकट. हे जमलं कारण ग्रीन यांच्याकडे वार्तापत्राच्या वाचकांची स्वतःची टपाल यादी होती. दुकान टाळायचं तर गिऱ्हाइकाचा पत्ता आपल्याकडे हवा. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांना हा मार्ग परवडला नसता. २८ जुलै १९८२ रोजी टेक्सासमध्ये त्यांचं छोटं विमान कोसळलं. क्षमतेपेक्षा जास्त वजन घेऊन ते उडालं होतं. ग्रीन, त्यांची दोन मुलं आणि इतर नऊ जण, सगळे गेले. ग्रीन २८ वर्षांचे होते.

बाकीच्यांचं पोट कसं चालायचं? चर्चमधल्या कार्यक्रमाला तिकीट नसे. मध्ये थांबून साक्ष (आपण येशूकडे कसे वळलो ते) सांगायची, मग टोपली फिरायची, तिला ‘लव्ह ऑफरिंग’ म्हणत. त्यातून पेट्रोलही न सुटण्याच्या रात्री असत. ध्वनियंत्रणा प्रवचनासाठी बसवलेली, तिच्यात ड्रम आणि बास घातले की शब्द बुडत, आणि या संगीतात शब्दच बुडाले तर मग उरलं काय? १९७०च्या दशकाच्या मध्यापासून तिकिटं आली तेव्हा ओरड झाली, पण कार्यक्रमांचा दर्जा तिकिटांनंतरच सुधारला.

मंडळीने गाणं म्हटलं तर पैसे द्यायचे का, हाही घोळ होता. अमेरिकेच्या कायद्यात उपासनेत धार्मिक गाणं गाण्याला सूट आहे (भारतीय कॉपीराइट कायद्यातही खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीतल्या सादरीकरणाला सूट आहे), पण शब्दांच्या झेरॉक्स काढणं किंवा ते पडद्यावर दाखवणं म्हणजे प्रत काढणं, त्याला सूट नाही. शिकागोच्या कॅथलिक धर्मप्रांतावर अशाच झेरॉक्सवरून एका प्रकाशकाने दावा लावला आणि १९८४ मध्ये ज्यूरीने ३० लाख डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. अपिलात निकाल बदलला, पण चर्चना धडकी भरायची ती भरली. १९८८ मध्ये सीसीएलआय ही परवाना देणारी संस्था निघाली: मंडळीच्या आकाराप्रमाणे वर्षाची फी भरायची, कुठली गाणी वापरली ते कळवायचं, संस्था गीतकारांना वाटून देते.

आक्षेप तिसरा: ही तर नुसती नक्कल

यात तथ्य आहे. दुकानांत आणि तरुण मंडळांत तक्ते लावलेले असत: अमुक पॉप गट आवडतो? मग त्याऐवजी हा ख्रिस्ती गट ऐका. मूळ माल बाहेरचा, आपण पर्याय पुरवायचा, असं ठरलं की संगीत कायम दोन वर्षं मागे राहतं. शिवाय पैसा कमी, स्टुडिओचे तास कमी. १९७०च्या दशकातल्या बऱ्याच तबकड्यांत ड्रम कागदी डब्यासारखे वाजतात ते त्यामुळेच. मात्र नॉर्मन, क्राउच आणि केगी यांना नकलाकार म्हणणं अन्याय होईल. नक्कल वाढली ती बाजार स्थिरावल्यावर.

आक्षेप चौथा: एमी ग्रँटने धर्म विकला का?

एमी ग्रँट यांचा जन्म १९६० चा, वाढल्या नॅशव्हिलमध्ये. करार झाला तेव्हा सोळाही पूर्ण नव्हती. १९७७ मध्ये पहिला अल्बम. १९८२च्या ‘एज टू एज’ने सगळी गणितं बदलली: पुढच्या वर्षी पाच लाख प्रतींचं ‘गोल्ड’, १९८५ मध्ये दहा लाखांचं ‘प्लॅटिनम’. त्यातलं ‘एल शद्दाय’ हे मायकेल कार्ड आणि जॉन थॉम्पसन यांनी लिहिलेलं गीत, ध्रुवपदात हिब्रू शब्द, आणि तरीही सगळीकडे गायलं गेलं.

१९८५ मध्ये वर्डने ए अँड एम या बड्या पॉप कंपनीशी वितरणाचा करार केला. तबकडी आता दोन्ही दुकानांत मिळणार होती. त्या वर्षीच्या ‘अनगार्डेड’मधलं एक गाणं हॉट १००मध्ये २९व्या क्रमांकावर गेलं. १९८६ मध्ये पॉप गायक पीटर सेटेराबरोबरचं युगुलगीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं, १९९१ मध्ये ‘बेबी बेबी’ही. ते लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःची तान्ही मुलगी होती, पण व्हिडिओत त्या एका तरुणाबरोबर दिसतात, आणि चर्चमधले अनेक जण बिथरले. गाण्यात येशू कुठाय, हा प्रश्न. ‘बेबी बेबी’ ज्या अल्बममध्ये होतं त्याच्या पन्नास लाख प्रती गेल्या.

धर्म विकला म्हणणाऱ्यांचा हिशेब ‘जे. पी. एम.’चा आहे. श्रद्धावान माणूस मुलीवर, नवऱ्यावर, पावसावर गाणं लिहू शकतो हे त्यांना मान्य नव्हतं. दुसरी बाजूही आहे: ज्या दुकानदारांनी पंधरा वर्षं तिच्या तबकड्या ठेवल्या त्यांना आपण शिडी म्हणून वापरले गेलो असं वाटलं, आणि ते समजण्यासारखं आहे.

वेगळ्या दुकानाचा सर्वांत क्रूर नियम गायकाच्या खाजगी आयुष्याला लागू व्हायचा. पॉप गायकाचा घटस्फोट झाला की तबकड्या जास्त खपतात, इथे त्या फळीवरून खाली उतरायच्या. ‘चिल्ड्रन ऑफ द डे’च्या मार्शा स्टीव्हन्स यांनी किशोरवयात लिहिलेलं गीत स्तोत्रपुस्तकांत गेलं होतं. त्या समलिंगी असल्याचं कळल्यावर काही ठिकाणी ते पान पुस्तकातून फाडलं गेलं.

मग २०२५ ची बातमी का झाली?

१९९१ पर्यंत बिलबोर्डचा अल्बमखप दुकानदारांना फोनवर विचारून ठरत असे. मग बारकोड वाचून मोजणारी साउंडस्कॅन यंत्रणा आली, पण तिच्यात ख्रिस्ती दुकानं १९९५ मध्ये जोडली गेली. त्याच वर्षी डीसी टॉक या ख्रिस्ती गटाचा अल्बम मुख्य यादीत एकदम १६व्या क्रमांकावर उतरला. श्रोते एका रात्रीत वाढले नव्हते, मोजमाप बदललं होतं. हॉट १०० ही अल्बमची नव्हे, एकेका गाण्याची यादी. तिथे पॉप रेडिओचं वजन मोठं, आणि ते दार ग्रँटसारखे मोजके सोडता बहुतेकांना बंदच राहिलं. आता स्ट्रीमिंगमध्ये दुकानच उरलं नाही. ब्रँडन लेकचं गाणं आणि कुठलंही हिपहॉप एकाच ॲपवर, एकाच मोजणीत.

ऐकायचं तर कुठून?

नॉर्मन यांच्यापासून सुरुवात करणार असाल तर १९७२ चा अल्बम घ्या, पण आवृत्ती तपासा. त्यांनी आपली गाणी पुन्हा पुन्हा नव्या मिश्रणात काढली, त्यामुळे ॲपवर त्याच नावाखाली वेगळंच काही वाजू शकतं. लव्ह साँगचा पहिला अल्बम हेडफोनवर ऐका, डाव्या-उजव्या बाजूचे आवाज सुटे कळतात. क्राउच यांचा १९७३ चा कार्नेगी हॉलमधला थेट कार्यक्रम स्टुडिओतल्या अल्बमांपेक्षा सरस आहे. कीथ ग्रीन एका बैठकीत एकच अल्बम, जास्त झालं तर दमछाक होते. एमी ग्रँटचे ‘एज टू एज’ आणि ‘अनगार्डेड’ लागोपाठ ऐकले की तीन वर्षांत सिंथेसायझर आणि ड्रम मशीनने काय केलं ते लगेच कळेल.

गटाने गाऊन बघायचं असेल तर मूळ पट्टी धरू नका. ही गाणी एकट्या तयार गळ्यासाठी आहेत. सर्वसाधारण मंडळीला मधल्या सी पासून त्याच्या वरच्या सप्तकातल्या डी पर्यंत झेपतं, ग्रीन आणि वॉर्ड भावंडं सहज त्याच्या वर जातात. दोन ते चार अर्धस्वर खाली आणा. कीबोर्डवर ट्रान्सपोझचं बटण आहे. गिटारवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) पट्टी फक्त वर नेतो, खाली नाही, म्हणून ए मधलं गाणं एफ मध्ये हवं असेल तर डी चे कॉर्ड धरून कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावा.